दोन फायली

ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्यांचा सातबारा आहे, त्यांना कागदाची काळजी नाही. त्यांचा आजा जमिनीवर आहे, देवस्थानाच्या वहीत आहे, मानपानाच्या यादीत आहे. आमचा आजा खंय आसा? असलाच तर शाळेच्या जनरल रजिस्टरात, नाहीतर कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदीत. एक ओळ. त्या ओळीत त्याचं नाव अर्धं, त्याच्या बापाचं नाव चुकलेलं. जात मात्र ठळक. तिच्यात काना-मात्रेची चूक नाही.

म्हणून मी पोरांच्या कागदांच्या फायली लावते. शेजारीण हसते. "काय गो, पोरांच्या कागदांचा म्युझियम करतंस?" करते. आमचं म्युझियम दुसरं कोण करणार?

आमचं गाव रेडी. वेंगुर्ले तालुक्याचं टोक, पलीकडे तेरेखोल, मग गोवा. गावात लोखंडाच्या खाणी. घरात ताटावर, कपड्यावर, पुस्तकावर तांबडी धूळ. वर जून ते सप्टेंबर पाऊस असा, की चिऱ्याची भिंत आतून पाझरते. इथे कागदाचे चार वैरी : ओल, वाळवी, धूळ, आणि "कित्याक व्हयो हो कचरो?" म्हणणारा घरातलाच माणूस.

माझा बाप खाणीवर मजूर. त्याची एक पत्र्याची ट्रंक होती. कपडे खुंटीला, कागद ट्रंकेत. तो म्हणायचा, "घर गेला तर परत बांधूक येता. कागद गेलो तर खयसून हाडतलंस?" त्याचं नाव शाळेत दाखल झालं १९४७ साली. जिल्हा रत्नागिरी, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्या एका उताऱ्यावर माझं शिक्षण झालं.

पण मोठ्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा बापाची अख्खी ट्रंक उघडून बसले तरी उपयोग होईना. वंशावळ लागते वडिलांकडची. माझ्या नवऱ्याच्या घरी सासरा शाळेची पायरी चढला नव्हता. महिनाभर फेऱ्या मारल्या. एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्या. शेवटी चुलत सासऱ्यांचा शाळेचा उतारा मिळाला आणि मुलगी वाचली. मुदत संपायला तीन दिवस होते.

दोस्तांनो, यातली गंमत बघा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा पुरावा मागतात तो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आमच्या माणसांनी ती जात टाकली. केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळाली १९९० साली. जात पडताळणीच्या २००० सालच्या कायद्याने पुराव्याचं ओझं अर्जदाराच्या डोक्यावर ठेवलं. म्हणजे जे नाव आजाने फेकून दिलं, तेच आमच्या घरात होतं हे नातीने शोधून सिद्ध करायचं. ज्याने फेकलं त्याच्याकडे कागद नाही. ज्याने चिकटवलं त्याच्या दप्तरात आहे.

म्हणून प्रत्येक पोराची पहिली फाईल सरकारची. जन्मदाखला, शाळेतल्या नोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, आणि हाताने लिहिलेली वंशावळ. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून ती लिहून घ्या. टोपणनावासकट लिहा, कारण जुन्या नोंदीत टोपणनावच सापडतं. पोर शाळेत आहे तोवर रजिस्टरातलं नाव, जन्मतारीख, जात-धर्म डोळ्यांनी वाचून या. 'बौद्ध'चं 'बुध' झालं असेल तर तेव्हाच दुरुस्त होतं. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती वर्षं खाते. दाखल्याचं लॅमिनेशन नको. फाईल भिंतीला टेकून नको, उंच फळीवर, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात. फोनमध्ये फोटो ठेवा, पण अस्सल कागद मागतात हे विसरू नका. आणि मुलगी लग्न होऊन जाताना भांड्यांच्या आधी ह्या फाईलची प्रत तिला द्या. ती कुठेही नांदली तरी तिची जात माहेरच्याच कागदावर ठरते.

दुसरी फाईल पोराची. ही कोणी मागत नाही. म्हणून ती जास्त जपायची.

तिच्यात चित्रं आहेत, प्रगतीपुस्तकं आहेत, आजीला लिहिलेलं पत्र आहे. धाकट्याने तिसरीत 'माझे घर' लिहिलं : "आमच्या घराला दोन दारे आहेत. एका दाराने पाऊस येतो." बाईंनी दहापैकी चार दिले. मी दहा दिले आणि फाईलला लावलं. दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, पोरं स्वतः बसून वर्षाचे दहा कागद निवडतात. पाठीमागे पेन्सिलने इयत्ता आणि तारीख. बाकीचे रद्दीत. सगळं ठेवलं तर वाळवीचं घर होतं.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे : भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. त्या तारखेला २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस पाळतात. ती ओळ जपली गेली हे थोर. पण ओळ एवढंच सांगते, की तो पोरगा शाळेत आला. तो रडत आला की हसत, ओळीला ठाऊक नाही. पुढे त्याच माणसाचं कितीतरी लिखाण हयातीत छापलंच गेलं नाही, पेट्यांत राहिलं. १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले, वसंत मून संपादक होते, तेव्हा ते हळूहळू लोकांपुढे आलं. पेट्या रद्दीत गेल्या असत्या तर आज आपण काय वाचलं असतं?

सरकारच्या फाईलीत माझी पोरं एका जातीची आहेत. दुसऱ्या फाईलीत ती पोरं आहेत. पहिली नसेल तर दार उघडत नाही. दुसरी नसेल तर आत गेलेला कोण होता हे उद्या कोणाला कळायचं नाही.

तुम्ही शिबिरं घेता, मोर्चे काढता. एक काम आणखी करा. येत्या मेमध्ये विहारात एक टेबल मांडा. वाडीतल्या प्रत्येक घराने आपली ट्रंक, पिशवी, डबा घेऊन यावं. एकाने वाचावं, एकाने वंशावळ लिहावी, एकाने वेंगुर्ल्याला जाऊन झेरॉक्स काढून आणावी. आणि पोरांची चित्रं कोणी आणली तर 'ह्याचा काय काम?' म्हणू नका. त्यांच्यासाठी वेगळा खोका ठेवा.

जयभीम.