टाकाऊ कोणी ठरवायचं?



दिवाळीच्या सुट्टीआधीचा कार्यानुभवाचा तास म्हटला की आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या आणि भेटकार्डं ठरलेली. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून केलेली खेळणी आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेत. गेल्या वर्षी वाटलं, आपण उलट करून बघू. मोडक्या खेळण्यांतून उजळणाऱ्या शोभेच्या वस्तू करू. चौथीच्या वर्गाला सांगितलं, "घरातलं एक टाकाऊ खेळणं आणा." वाक्य साधं होतं, पण त्यात माझ्या दोन चुका झाल्या.

आधी कृती सांगते, म्हणजे तुम्हालाही करून बघता येईल. छोट्या एलईडी दिव्याला दोन पाय असतात, एक लांब आणि एक आखूड. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा बटन सेल त्या दोन पायांच्या मध्ये धरायचा. लांब पाय अधिक चिन्हाच्या बाजूला आला की दिवा लागतो. नाही लागला तर सेल उलटा करायचा. ही उलटापालट मुलांनाच करू द्या. वीज या दिव्यातून एकाच दिशेने जाते, हे फळ्यावर सांगण्याआधी त्यांच्या बोटांना कळतं. मग चाक निखळलेल्या गाडीच्या पुढच्या काचेमागे पांढरा दिवा बसवा. फुटक्या प्लॅस्टिकच्या चेंडूला भोकं पाडून आत लाल दिवा ठेवला, की झाला कंदील! दाभण मात्र मोठ्यांच्याच हातात हवं, आणि घरातल्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही.

एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. बटन सेल लहान मुलाने गिळला, तर दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. ज्यांच्या घरी धाकटं भावंडं आहे, त्यांना मी स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत दोन पेन्सिल सेल आणि दिव्याच्या वाटेत १०० ओहमचा रोधक अशी जोडणी करून दिली. बटन सेल तास संपल्यावर मोजून परत घेतले.

आता माझ्या चुका.

एका मुलीच्या पिशवीतून प्लॅस्टिकचा हत्ती निघाला. रंग उडालेला, एक कान तुटलेला. मी म्हटलं, "वा! याच्या पोटात छान दिवा बसेल." दाभण टेकवणार, तोच ती म्हणाली, "बाई, हा टाकाऊ नाहीये. आईनं मला न विचारता पिशवीत घातला." ती रडत नव्हती. फक्त हत्तीकडे बघत होती. मी दाभण खाली ठेवलं. त्या खेळण्यात काय होतं ते तिलाच ठाऊक. मी आणि तिच्या आईनं मात्र तुटका कान बघून निकाल देऊन टाकला होता.

दुसरी चूक त्याच तासाला लक्षात आली. दोन मुलं रिकाम्या हातानं आली होती. "विसरलात का रे?" असं मी विचारलं, तेव्हा एक जण हळूच म्हणाला, "घरी खेळणीच नाहीत बाई." सगळ्या वर्गासमोर त्याला ते बोलावं लागलं, याची मला आजही लाज वाटते. त्या दोघांना मी बाटल्यांची झाकणं दिली आणि त्यांनी त्यांची दिव्यांची आगगाडी केली. पण ती सोय मी आधीच करायला हवी होती.

हत्तीचं काय झालं? मी त्या मुलीला म्हटलं, "भोक न पाडता काही सुचतं का बघ." तिनं खिडक्या लावून घेतल्या, बाकावर दिवा ठेवला आणि समोर हत्ती आडवा उभा केला. भिंतीवर सावली पडली. हत्ती दिव्याजवळ सरकवला तशी ती मोठी होत गेली. सगळा वर्ग आपापलं काम सोडून भिंतीपाशी गोळा झाला. सावलीचा धडा त्या दिवशी मला शिकवावाच लागला नाही. संध्याकाळी हत्ती जसा आला तसा घरी गेला.

यंदा मी वाक्य बदललं आहे. "तुम्हाला द्यावंसं वाटेल ते आणा, नाही आणलं तरी चालेल. वर्गात एक खोकं आहे, त्यातलं कुणीही घ्यावं." त्या खोक्यात मी वर्षभर झाकणं, डब्या आणि शिक्षकांच्या घरची मोडकी खेळणी साठवली आहेत.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत खेळण्यांची टोपली उपसाल, तेव्हा मुलाला शेजारी बसवा आणि एकेक वस्तू हातात घेऊन त्याला विचारा. थोडा वेळ जास्त लागेल, पण लागू द्या.