डोंगरापलीकडचं पाणी

पोंता दो सोल, मदेरा बेट
फेब्रुवारी, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. लिस्बनहून विमान निघालं की पावणेदोन तास खाली समुद्राशिवाय काही दिसत नाही, आणि मग ढगांत शिरलेला एक हिरवा डोंगर एकदम समोर उभा राहतो. बेटावर सपाट जमीन इतकी कमी, की २००० साली धावपट्टी वाढवताना ती समुद्राच्या बाजूला १८० खांबांवर उचलून धरावी लागली. तिथून फुंशालमार्गे इथवर येणारा रस्ताही बराचसा बोगद्यांतूनच येतो.

गाव लहान आहे. दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या दरीच्या तोंडाशी वसलंय. खाली समुद्र, एक जुनं चर्च, खडकावर बांधलेला दगडी धक्का, आणि चढणीवर घरं नि केळीच्या बागा. किनाऱ्यावर वाळू नाही, धुवून ठेवलेल्या पाट्या-वरवंट्यासारखे काळे कुळकुळीत गोटे आहेत. लाट परतताना ते एकमेकांवर घरंगळतात आणि तो आवाज रात्रभर खोलीत येत राहतो. दगड मात्र आपलाच, बाबा. वेरूळचं कैलास ज्यात कोरलं तोच बेसाल्ट. फरक फक्त वयाचा. आपल्या दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे बेट त्यापुढे अगदी तरुण.

काल बसने बोगदा ओलांडून उत्तरेकडच्या साऊ विसेंतला गेले. तिकडे पाऊस, धुकं, हात गारठवणारा वारा. परत बोगद्यातून अलीकडे आले, तर लख्ख ऊन! ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे ढग आणतात, मधला डोंगर ते अडवतो. सगळ्यात उंच शिखर १८६२ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही दोनशे मीटरने जास्त. पाणी पलीकडे सांडतं आणि अलीकडच्या गावांना ऊन मिळतं. शाळेत बाईंनी फळ्यावर सह्याद्री काढून पलीकडे कोकण आणि अलीकडे मराठवाडा दाखवला होता, ते पर्जन्यछायेचं चित्र इथे एका तासाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहिलं.

हिवाळ्यात जर्मन, इंग्रज, डच माणसं हे ऊन अंगावर घ्यायला इतक्या लांब येतात. मी धक्क्यावर बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मला आपला मे महिना आठवत होता, टँकरच्या मागे धावणाऱ्या घागरी आठवत होत्या. मग या कोरड्या कुशीत केळी कशी पिकतात? उद्यापासून त्याच्या मागे लागणार आहे.

तुमची,
सुमा

---

पोंता दो सोल
बुधवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझा पहिला प्रश्न जेवणाचा असणार, म्हणून आधी तेच. उपाशी नाही. इथे 'बोलो दो काको' नावाची जाड, गोल भाकरी मिळते. गव्हाच्या पिठात रताळं मळून घालतात आणि तापलेल्या दगडी तव्यावर भाजतात. वर लसणाचं लोणी. सोबत मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, वड्या पाडून तळलेलं. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. खोल समुद्रातला एक लांब काळा मासा इथे तळलेल्या केळ्यासोबत वाढतात. मी केळं तेवढं घेतलं.

केळी आपल्या अर्धापुरी केळ्यांपेक्षा लहान आणि फार गोड. बागा म्हणजे दगडी बांध घालून डोंगरावर चढवलेले तुकडे. काही तर आपल्या माजघराएवढे. यंत्र जाईल अशी वाटच नाही, त्यामुळे घड खांद्यावरून खाली आणतात. ज्यांच्याकडे उतरले आहे त्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांचा एक भाऊ व्हेनेझुएलात, बहीण दक्षिण आफ्रिकेत. इथल्या जवळजवळ प्रत्येक घराचं असंच आहे. अमेरिकन कादंबरीकार जॉन डॉस पॅसॉस यांचे आजोबा याच गावचे, त्यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र वरच्या अंगाला आहे. १८७९ साली काही जण जहाजाने पार हवाईला ऊसतोडीला गेले आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या चार तारांच्या चिमुकल्या वाद्यातून युकुलेले जन्मली. ऊसतोडीसाठी घरदार सोडणं म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला दिवाळीनंतर आपल्या गल्लीवरून जाणाऱ्या, भांडीकुंडी नि लेकरं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसल्या.

आणि काकवी! इथे अजून थोडा ऊस आहे. शेजारच्या कालेटा गावात वसंतात गुऱ्हाळासारखा कारखाना चालतो. काकवी, दालचिनी, लवंग, अक्रोड घालून एक काळा केक करतात. तो वर्षभर टिकतो, आणि सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा अशी रीत आहे. एक बांधून घेतलाय. बाबांना साखरेमुळे अगदी कोपरा द्यायचा.

तुझी,
सुमा

---

पोंता दो सोल
शनिवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या एकट्याच्या नावे लिहितेय, कारण यातलं सगळं तुम्हालाच कळणार आहे.

इथे पाटाला 'लेवाडा' म्हणतात. बेटाची लांबी अवघी ५७ किलोमीटर आणि पाटांची मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर. उत्तरेकडच्या आणि माथ्यावरच्या ओल्या रानातलं पाणी डोंगराच्या कडेकडेने, बोगदे पाडून दक्षिणेच्या उन्हातल्या शेतांवर आणलंय. माथ्यावर लॉरेल जातीच्या झाडांचं सदाहरित जंगल आहे. १९९९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पाऊस नसतानाही त्याच्या पानांवर धुकं साचतं, ठिबकतं आणि जमिनीत मुरतं. जंगल तुटलं तर पाट आटतील, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

आज दरीतला 'लेवाडा नोवा' चालून आले. पाट जेमतेम हातभर रुंद आणि शेजारून चालायला त्याचाच काठ. एका बाजूला कडा, दुसरीकडे कितीतरी ठिकाणी सरळ तुटलेली दरी. वाटेत धबधब्याखालून जावं लागतं आणि पुढे काळोखा बोगदा, बॅटरीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण माझं लक्ष राहून राहून उताराकडे जात होतं. पाणी पळत नाही, थांबतही नाही. इतका सूक्ष्म ढाळ, तोही अशा कड्यावर! जुने पाट खोदताना माणसं दोराला लटकून पहार चालवत. त्यात किती जण खाली गेले असतील, याचा विचार करत मी बराच वेळ एका जागी उभी होते.

आणि तुमचा जोडीदार भेटला. लेवाडेइरो म्हणजे पाटकरी. हातात खोऱ्यासारखं अवजार, पायात गमबूट. पाटातली पानं काढायची, ठरल्या वेळी एका शेताचं दार लावायचं, दुसऱ्याचं उघडायचं. पाळी तासांवर बांधलेली, आणि ती रात्री दोनला आली तर शेतकरी रात्री दोनला बांधावर हजर. आपल्या दारं धरणाऱ्या माणसांसारखंच. मी खुणांनी नि मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं की माझे वडील भारतात हेच काम करायचे, कालव्यावर. त्याने खोरं खाली ठेवून हात मिळवला.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पटणार नाही. इथे पूर्वी पाणी जमिनीपासून वेगळं करून विकता येत असे. एखाद्याकडे पाणी आहे पण जमीन नाही आणि जमीनवाल्याने त्याच्याकडून तास विकत घ्यायचे. १९४० च्या दशकापासून सरकारने मोठे पाट स्वतः बांधायला घेतले, तेच पाणी आधी वीजघरातून खाली सोडून मग शेतांना दिलं, तेव्हा कुठे लहान शेतकऱ्याचा जीव थोडा सुटला. नमुना नंबर सातचे अर्ज घेऊन आपल्या ओसरीवर बसलेली माणसं मला आठवली. टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचल्याशिवाय तुम्ही घरी यायचा नाहीत, आणि आई ताट झाकून ठेवायची. तुम्ही जे करत होता ते किती मोठं होतं, हे मला या कड्यावर उभं राहून नीट समजलं. समोर असताना बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

आता दुसरं. जवळचा 'लेवाडा दो मोइन्यो' लोंबादा नावाच्या वस्तीतून निघतो. तिथे एस्मेराल्दो नावाच्या फ्लेमिश व्यापाऱ्याचा पंधराव्या शतकाच्या शेवटी मोठा ऊसमळा होता. त्याचा वाडा आणि देऊळ अजून उभं आहे. साखरेने हे गाव श्रीमंत झालं, १५०१ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडून त्याला नगराचा दर्जा मिळाला. पुढे नऊ वर्षांनी याच राजाच्या लोकांनी गोवा घेतला. पण तो ऊस वाढवायला, ते पाट खोदायला आफ्रिकेतून आणि शेजारच्या कॅनरी बेटांवरून माणसं विकत आणली होती. वाड्यापाशी लावलेल्या फलकावर त्यांतलं एकही नाव नाही.

आणि मला मलिक अंबर आठवला. तोही आफ्रिकेतलाच, हबशी. लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत निजामशाहीतल्या चंगीजखान नावाच्या वजिराकडे आला, आणि १६१० मध्ये त्याने आपलं शहर, तेव्हाचं खडकी, वसवलं. नंतर डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरीने, कुठेही उपसा न करता, शहराच्या हौदांपर्यंत आणलं. ज्यांच्या हातांनी मदेराचे पाट खोदले गेले, त्याच नशिबाच्या एका माणसाला आपल्याकडे पाण्याचा आराखडा स्वतः आखायला मिळाला. बाबा, याचा मला विलक्षण अभिमान वाटतो. आपण पाणचक्कीवर पाहुण्यांना नेतो, हौदातले मासे दाखवतो आणि परत येतो. पण नहर-ए-अंबरीच्या वाटेवरून कोणी चालतं का? इथे पाचशे वर्षांच्या पाटांची पानं रोज काढली जातात, पडझड झाली की दुरुस्ती होते, आणि त्यांच्या काठाने चालायला जगभरातून माणसं येतात. आपल्या नहरीवर घरं चढली, उभ्या विहिरींची तोंडं कचऱ्याने बुजली. आणि नळाला पाणी कधी येणार हे शेजाऱ्याला विचारत आपण पिंपं भरून ठेवतो. नहर आजच्या लाखो लोकांची तहान भागवणार नाही, हे मलाही कळतं. तरी जे वाहतंय ते वाहू द्यायला काय हरकत आहे?

आल्यावर एखाद्या रविवारी पहाटे हर्सूलच्या बाजूने निघून नहरीची जितकी सापडेल तितकी वाट चालू. तुमचे गुडघे सांभाळून, टप्प्याटप्प्याने. त्याआधी एक काम करा. पाळीपत्रक कसं बसवायचात, वरच्या आणि टेलच्या शेतकऱ्यांची भांडणं कशी मिटवायचात, कुठल्या चारीला पाणी पोचायला किती वेळ लागायचा, हे एका वहीत लिहून काढा. लेवाडेइरोला त्यातलं इंग्रजीत करून पाठवायचं कबूल केलंय, त्याचा मुलगा वाचून दाखवणार आहे. त्याच्या पाळ्यांचा कागद त्याने मला आजच दिला.

आपली,
सुमा