पडद्याची गती

नवा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, पण सेटिंगमध्ये ६० च्या पुढचा आकडाच दिसेना. केबल चांगली होती. संगणकाने ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सोडून कामचलाऊ ड्रायव्हर धरला होता. योग्य ड्रायव्हर टाकला, संगणक पुन्हा सुरू केला, १४४ निवडलं. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला सुमारे ७. मजकूर सरकवताना डोळ्यांना केवढा आराम!

चित्रांच्या या गतीवरून आमच्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आठवले. १९१३ च्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाचा कॅमेरा हातानं फिरवून चालवला जाई. चित्रांची गती माणसाच्या मनगटात होती. त्या मनगटाबद्दल मला फार आदर वाटतो.

शेजारच्या मुलाचीही मॉनिटर ६० च्या पुढे जात नसल्याची तक्रार आहे. उद्या त्याचा ड्रायव्हर बघायचा.