नळीवरचे टोपडे

आमच्या शाळेत मार्कर म्हणजे पांढऱ्या फळ्यावर लिहायची जाड लेखणी. महिन्यातले निम्मे दिवस ती वाळलेली असते आणि उरलेले निम्मे दिवस मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असते. मी चित्रकलेचा मास्तर. दहावी झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेला चिकटलो. रंग, कुंचले, लेखण्या या विषयांत कोणी मला नवे काही सांगेल असे वाटत नव्हते. पण गेल्या मे महिन्यात अमेरिकेत आक्काकडे गेलो, आणि माझा भाचा निनाद याने अडीच-तीन किलोची एक काळी वस्तू माझ्या हाती दिली. चाप, मूठ, नळी, खांद्याला टेकवायचा दांडा, सगळे बंदुकीचे. मी तसे म्हणालो.

"बंदूक नाही म्हणायचं, मामा. मार्कर म्हण."

(अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या मराठीतून 'तुम्ही' केव्हाच गळालेले असते. ऐकायला बरे वाटते.)

हे नाव म्हणजे नुसते सोंग नव्हे. १९७० नंतरच्या दशकात नेल्सन या रंगाच्या कंपनीसाठी डेझी या छऱ्याच्या बंदुका करणाऱ्या कंपनीने एक पिस्तूल बनवले होते. त्याचे नाव नेलस्पॉट ००७. तोडायच्या झाडावर किंवा कळपातल्या निवडलेल्या गुरावर लांबूनच रंगाचा ठिपका उडवायचा, एवढेच त्याचे काम. पुढे चार्ल्स गेन्स या कादंबरीकाराचा आणि हेज नोएल या शेअरबाजारातल्या गृहस्थाचा वाद जुंपला. रानात तगून राहायचे तर शहरी माणसाची चलाखी कामी येईल की रानातल्या माणसाचा अनुभव? बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राला बरोबर घेऊन त्यांनी वादाचा निकाल लावायचे ठरवले, आणि २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर गावच्या रानात बारा जण ही पिस्तुले घेऊन शिरले. जागोजाग ठेवलेली निशाणे गोळा करायची आणि अंगावर ठिपका पडू न देता बाहेर यायचे. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलाचे काम पाहणारा माणूस. त्याने अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही! आम्हा कादंबरीकारांचे वाद सहसा इतके स्वस्तात मिटत नाहीत.

आक्काचे गाव नॅशुआ. तेही न्यू हॅम्पशरमधलेच, हेनिकरपासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर. तिथल्या पोरांना या खेळाचे वेड असावे यात नवल नाही. पण आता आक्काची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण मी रानात गेलो तो निव्वळ खेळायला नव्हे.

निनादला एप्रिलमध्ये अठरा पूर्ण झाली, आणि त्याच आठवड्यात त्याने नॅशनल गार्डचे कागद घरी आणले. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत, वर्षातून एक पंधरवडा, आणि कॉलेजच्या फीला हातभार. वेळ पडली तर परदेशी लढाईवरही जावे लागते. अठरानंतर आईबापांची सही लागत नाही. आक्काने तो लिफाफा पाहिला आणि त्या दिवसापासून मायलेकांचे बोलणे 'जेवलास का' आणि 'हो' एवढ्यावर आले. "त्या रंगाच्या बंदुकीनंच डोकं फिरवलंय त्याचं," असे तिचे ठाम मत. ती वस्तू तळघरात होती, म्हणून आक्का तळघराची पायरीदेखील उतरत नव्हती. दाजी अशा वेळी लॅपटॉपच्या मागे असतात.

"अरे, तू मास्तर आहेस," आक्का मला म्हणाली, "पोरांशी बोलायची तुला सवय आहे. बोल त्याच्याशी."

सवय आहे हे खरे. पण माझी पोरे साताऱ्याकडची. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आजही पहाटे पाच वाजता मी दूध आणायला बाहेर पडतो, तेव्हा सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरे धापा टाकीत माझ्या अंगावरून पुढे जातात. "गुरुजी, भरती आहे," असे पळता पळता सांगतात. मी म्हणतो, "शाब्बास." आजवर एकालाही मी 'जाऊ नकोस' म्हटलेले नाही. त्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू असते आणि बहिणीचे लग्न ठरलेले असते. आता माझ्या बहिणीच्या पोराला मात्र 'जाऊ नकोस' म्हणायचे, ते कोणत्या तोंडाने?

एवढे ओझे घेऊन मी शनिवारी सकाळी निनादच्या मोटारीत बसलो. सोमवारी मेमोरियल डे होता, त्यांचा युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. वाटेत एका चर्चमागच्या दफनभूमीत काही थडग्यांपाशी वीतभर उंचीची नवी कोरी निशाणे रोवलेली होती. दोघांनीही ती पाहिली. दोघेही काही बोललो नाही.

रानाच्या तोंडाशी लाकडी टेबले मांडली होती. तिथे निनादने आपला मार्कर माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःसाठी भाड्याचा घेतला. "आज तू हा वापर." शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ हिवाळाभर उपसून त्याने पैसे साठवले होते आणि एकेक सुटा भाग आणून तो सजवला होता. मूळची नळी आखूड होती. ही लांब, आतून आरशासारखी गुळगुळीत, आणि आवाज दबावा म्हणून टोकाला भोके पाडलेली. गोळी सव्वासतरा मिलिमीटरच्या आसपास, नळी नेमकी तिच्या मापाची. बाटलीही बदललेली. पूर्वी तिच्यात कार्बन डायऑक्साइड असे. तो आत द्रवरूपाने असतो. भराभर गोळ्या झाडल्या की बाटली गारठते, दाब उतरतो, आणि गोळी कुठेही जाते. आता नुसती दाबलेली हवा. चापही नवा, रुंद, दोन बोटांचा, आणि इतका हलका की शिंक आली तरी सुटावा.

"म्हणजे गोळी जास्त जोरात जाते?" मी विचारले.

"नाही. जाऊच देत नाहीत."

आणि खरेच, वेग मोजायच्या यंत्रासमोर सगळ्यांची रांग लागली होती. तिथला नियम सेकंदाला २८० फुटांचा, म्हणजे ताशी सुमारे तीनशे किलोमीटर. निनादच्या मार्करने २८४ दाखवले. त्याने खिशातून किल्ली काढून एक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा झाडली. २७३. पंचाने मान डोलावली. भाड्याच्या मार्करचाही वेग तोच, पल्लाही जवळजवळ तोच.

"मग एवढा बर्फ उपसून सुधारलं काय?"

"दुसरी गोळी, मामा. पहिली जाते तिथेच दुसरी जाते."

एक वस्तू मात्र भाड्याच्या आणि घरच्या, दोन्ही मार्करांना सारखी होती. नळीच्या तोंडावर लाल कापडाची टोपी, मागे लवचीक दोरीने अडकवलेली. चुकून चाप दबला तर गोळी तिच्यातच अडकावी म्हणून. मैदानाबाहेर पाऊल पडायच्या आत ती चढलीच पाहिजे. मला तर ते तान्ह्या पोराचे टोपडे वाटले. निनाद दिवसभर येता-जाता माझ्या नळीवरचे टोपडे चाचपून पाहत होता. वारा सुटला की आया पोराचे कान झाकतात ना, अगदी तसे.

पहिल्या डावाचा आनंद मी इथे झाकून ठेवणार नाही. चापावर दोन बोटे आळीपाळीने नाचवली की तबल्यावर तिरकिट वाजावे तशा गोळ्या निघत. समोरच्या बर्च झाडाच्या पांढऱ्या सालीवर नारिंगी फुलोरा उमटला तेव्हा माझ्यातला चित्रकार खूष झाला. (गोळी म्हणजे औषधाच्या कॅप्सूलसारखे जिलेटिनचे कवच. आतल्या द्रवाला मी रंग म्हणणार नाही. पोत पातळ कढीचा, आणि पाण्याने धुतला की गेला.) मग एक दाढीवाले गृहस्थ झाडाआडून डोकावले. पहिली गोळी फांदीवर फुटली. दुसरी आणि तिसरी त्यांच्या छातीवर, चार बोटांच्या अंतरात. त्यांनी हात वर केला आणि जाता जाता "नाइस शूटिंग!" म्हणून मला दाद दिली. कादंबऱ्यांतून मी आजवर तीन माणसे मारली आहेत, आणि तिन्ही वेळा मला दोन-दोन दिवस जेवण गेले नव्हते. इथे मात्र मला सडकून भूक लागली. दोनशे गोळ्यांचा डबा पहिल्याच डावात रिकामा झाला होता.

दुपारच्या डावात मी एका दगडी बांधाआड पालथा पडलो होतो. त्या रानातून असे बांध मैलोगणती गेले आहेत. एके काळी तिथे शेते होती, शेतकरी पश्चिमेकडे गेले, रान परतून आले, बांध तेवढे राहिले. गालाखालचा दगड आमच्या शिवारातल्या तालीसारखाच गार लागत होता. समोर मोकळ्या जागेत निशाण, आणि भाड्याचा मार्कर छातीशी धरून निनाद त्याच्याकडे सरपटत निघालेला. त्याला आठ-दहा पावले उरली होती. एवढ्यात कुठूनशी एक गोळी आली आणि त्याच्या बुटाच्या टाचेवर फुटली. ज्याने मारली त्याचे तोंड दुसरीकडे वळलेले होते, पंच पलीकडच्या अंगाला होता. आजूबाजूला गुडघाभर नेचे. टाच एकदा त्यात घासली असती तर देवालाही कळले नसते. ठिपका पुसून पुढे खेळणारे तिथेही असतात. सकाळीच अशा एका इसमाला पंचाने बाहेर बसवलेले मी पाहिले होते.

निनाद उठून उभा राहिला. हात वर केला, टोपडे चढवले, आणि चालत बाहेर गेला. मी पाहतो आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्यानंतर माझ्या कुशीत एक सणसणीत बसली आणि मीही त्याच्या मागोमाग निघालो. ती जागा पुढे आठवडाभर जांभळी होती.

परतताना मोटारीत मी विषय काढला. उपदेशाची तयारी केली होती, पण तोंडातून निघाले ते भलतेच. माझा एक जुना विद्यार्थी काश्मीरहून रजेवर आला, चित्रकलेच्या वर्गात येऊन बसला आणि तासभर मुलांच्या पेन्सिलींना टोके करीत राहिला. एक शब्द बोलला नाही. सगळ्या पेन्सिली संपल्यावर उठून गेला. एवढेच मी त्याला सांगितले.

"परत गेला तो?"

"रजा संपल्यावर गेला."

बराच वेळ निनाद रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आईला वाटतं मला हा खेळच वाटतो. मामा, तिथे लागली तर हात वर करून बाहेर येता येत नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वर्गातले चौघे चाललेत. मी इथेच जन्मलो ना? मग ते जाणार आणि मी नाही, असं का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आमच्याकडची पोरे दोन एकरांसाठी पळतात. याला आपण कुठले, हे ठरवायचे होते. यातले कोणते कारण मोठे, हे ठरवण्याइतका मी शहाणा नाही. मी एवढेच म्हणालो, "हे मला सांगितलंस, तसं आईला सांग."

"ती खाली येतच नाही."

घरी आल्यावर आक्काने मला स्वयंपाकघरातच गाठले. "बोललास?"

"बोललो. आता तू बोल. तो तळघरात बसलाय."

"त्या बंदुकीपाशी?"

"अगं, मार्कर म्हण."

तिने माझ्याकडे असे पाहिले, की लहानपणी तिच्या बाहुलीला मी मिशा काढल्या होत्या तेव्हाच तसे पाहिले असेल. पण थोड्या वेळाने हात पुसून ती खाली गेली. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभा होतो. असे ऐकू नये, पण कादंबरीकाराला थोडी सूट असते. खूप वेळ नुसता फडक्याचा आणि पत्र्याच्या डब्याचा आवाज. मग आक्का म्हणाली, "हे काय रे?" निनाद म्हणाला, "बोल्ट." "आणि ही स्प्रिंग कशाला?" पुढचे मला ऐकू आले नाही. त्या रात्री जेवायला आम्हाला साडेनऊ वाजले.

नवरात्रात आक्काचा फोन आला. निनाद कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेला आहे. गार्डचा लिफाफा अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे, सहीशिवाय. सुट्टीला आला की पाहू, असे तो म्हणाला आहे. मार्कर मात्र घरीच ठेवून गेला. आतली रबरी कडी सुकू नयेत म्हणून हवेच्या भोकातून महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब सोडायला त्याने आईला सांगितले आहे. ती सोडते. नक्की कोणत्या भोकातून ते विसरली होती, म्हणून तिने फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरून मलाच विचारले. मी भोक दाखवले. नळीवर टोपडे होतेच.