विचारून खाल्लेला घास

मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना वर्षातून बऱ्याचदा एक प्रश्न सोडवावा लागतो. गावाहून पाहुणे येतात, मुलाचा निकाल लागतो, कुणाची मंगनी ठरते किंवा एखाद्या रविवारी घरातल्या बायकांना स्वयंपाकापासून सुटी द्यावीशी वाटते. मग बाहेर जेवायला जायचं ठरतं. पण कुठं?

आमच्या घरात हा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा होतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी, शाफई मसलकाचे. सून औरंगाबादची, हनफी. दादीचे गुडघे दुखतात, तिला जिना नको. मुलांना टीव्हीवर पाहिलेलं काहीतरी परदेशी हवं असतं. खिशाचा अंदाज घ्यावा लागतो, मगरिबची नमाज सांभाळावी लागते आणि या सगळ्याच्या वर एक प्रश्न असतोच : तिथलं मटण हलाल आहे का?

हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात पडत नाही. म्हणून पाहुणे प्रथमच मुंबई पाहणार असतील तर आम्ही त्यांना भेंडी बाजारात नेतो. तिथलं नूर मोहम्मदी हॉटेल 1923 पासून सुरू आहे. त्यांची नल्ली निहारी खाल्ली की पाहुणे दुसरा दिवसभर तिचंच नाव काढतात. तिथून बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम. हे दुकान 1887 चं. बर्फ-मिठात ठेवलेल्या संचात हातानं फिरवून केलेलं त्यांचं आइस्क्रीम, सीताफळाच्या दिवसांत सीताफळाचं, आंब्याच्या दिवसांत आंब्याचं, अजून तसंच मिळतं. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी खायला अर्धी मुंबई लोटते. त्या गर्दीत आपल्याइतकेच हिंदू, पारशी, ख्रिश्चन असतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर शनिवार-रविवार टाळावा, एवढाच आमचा सल्ला.

पण सगळी मुंबई म्हणजे भेंडी बाजार नव्हे. या शहरात इतक्या प्रकारची माणसं आली आणि प्रत्येकानं आपली चूल सोबत आणली. ती चव न घेता इथं राहायचं म्हणजे समुद्रकाठी राहून मासळी न खाण्यासारखं आहे. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा आम्ही ठरवून आपल्या वस्तीबाहेर जेवतो.

त्यातली सर्वांत सोपी जागा माटुंग्याची. रेल्वे स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांनी 1942 मध्ये सुरू केलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड. सगळं शाकाहारी, त्यामुळं मटणाचा प्रश्नच उरत नाही. आमचे मामू म्हणतात, "इथं फक्त बिस्मिल्लाह म्हणायचं आणि हात घालायचा." किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास आहे, 1940 चं. तिथला रवा डोसा आणि फिल्टर कॉफी आमच्या सुनेला बिर्याणीपेक्षा प्रिय आहे.

दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घ्यावं. धोबी तलावच्या कयानीत बन-मस्का आणि चहा घ्यावा. कयानी 1904 चं. इराणातून मुंबईत आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी असे शेकडो इराणी कॅफे चालवले, आता मोजकेच उरले आहेत. तिथं खिमा किंवा चिकन मागवायचं असेल तर मात्र चौकशी करावी. बन-मस्क्याला चौकशी लागत नाही.

दादरच्याच एका हॉटेलातली गोष्ट. आमच्या घरातल्या दोघी बुरख्यात होत्या. वेटर आला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत पदार्थ सांगू लागला. दादीनं त्याला थांबवलं, "अरे बाळा, मराठीत सांग ना. आम्ही रत्नांग्रीचे." तो पोरगा राजापूरचा निघाला. मग थालीपिठाबरोबर लोणी दोनदा आलं. पोशाख पाहून भाषा ठरवणं त्याच्या हातून सवयीनं झालं होतं. दादीच्या एका वाक्यानं ते सुटलं, कारण ती बोलली. गप्प बसली असती तर तो हिंदीतच बोलत राहिला असता आणि आम्ही मनातल्या मनात कुढत घरी आलो असतो.

याच बोलण्याविषयी आम्हाला आज लिहायचं आहे. कारण "हलाल आहे का?" हा प्रश्न विचारायला आपली नवी पिढी लाजते, हे आम्ही आजूबाजूला पाहतो. ऑफिसच्या पार्टीत "पोट बिघडलंय" असं सांगून पापड आणि काकडी खात बसलेली मुलं-मुली आपल्या नात्यागोत्यात आहेत. विचारलं तर लोक काय म्हणतील, मागासलेले समजतील, उगाच वाद निघेल, असं त्यांना वाटतं. गेल्या काही वर्षांत हलाल या शब्दावरून जो गलका झाला त्यानं ही भीती वाढली आहे. ती समजू शकते. पण त्याच टेबलावर बाकीचे काय करत असतात, तेही एकदा नीट पाहावं.

जैन मैत्रीण वेटरला विचारते, "कांदा-लसूण नाही ना? बटाटा?" ती एकदा नाही, तीनदा विचारते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट तिनं आणि तिच्यासारख्या हजारोंनी विचारलं म्हणून तर मुंबईत जैन पावभाजी जन्माला आली. तिच्यात बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात. चतुर्थीला उपास करणारा सहकारी विचारतो, "शेंगदाण्याच्या तेलातलं आहे का?" फाळणीनंतर सायन-कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी कुटुंबांतला धर्म पाळणारा शीख नेमका आपल्या उलट प्रश्न विचारतो. त्याच्या रहत मर्यादेत आपल्या पद्धतीचं मांस निषिद्ध आहे. आपल्याला हवं ते त्याला चालत नाही, त्याला चालतं ते आपल्याला नको. तरी दोघांचा प्रश्न एकाच जातीचा आहे : माझ्या ताटात काय आलंय ते मला कळू द्या.

आणि आपले कोकणातले जुने शेजारी, बेने इस्रायली? रायगडच्या गावागावांतून राहिलेली, घरात मराठी बोलणारी ही ज्यू मंडळी. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून कोकणातल्या नारळानं त्यांची सोय केली. मटणाच्या जेवणात नारळाचं दूध आलं. ते डुकराचं मांस खात नाहीत, आपणही खात नाही. आमच्या दादीच्या माहेरच्या गावात असं एक घर होतं. ती सांगते, त्या घरी आणि आमच्या घरी एकमेकांकडे जेवायला जाताना आधी विचारणा व्हायची आणि त्याचा कुणाला राग यायचा नाही. राग कसला? विचारलं म्हणजे जेवायला येणार, हे पक्कं झालं.

तेव्हा विचारणं हा या शहराचा रिवाजच आहे. ज्या शहरात सगळे एकच खातात तिथं कुणी काही विचारत नाही. इथं प्रत्येकजण वेगळं खातो, म्हणून विचारतो. आपण तेवढे गप्प राहिलो तर आपली सोय कुणाला कळणार?

पण विचारायचीही एक रीत असते. आमच्या अनुभवातून आलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, "हलाल है ना?" असं कधी विचारू नये. या "ना"मध्येच उत्तर भरलेलं असतं. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून वेटर "जी, जी" म्हणतो. उपनगरातल्या एका चकचकीत हॉटेलात आम्हाला असंच "सब हलाल है" सांगण्यात आलं. काही वेळानं मॅनेजरला सहज विचारलं, "मटण कुठून घेता?" तर त्यानं गोठवलेल्या मटणाच्या खोक्याकडे बोट दाखवून "कंपनीचं आहे, हलालचं काही माहीत नाही" असं प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही त्याचे आभार मानले, डाळ-भात आणि पनीर मागवलं. जेवण छान झालं. तेव्हापासून आम्ही वेटरला नाही, मॅनेजरला विचारतो आणि "कुठून घेता?" असंच विचारतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी फोनवरच. भरल्या टेबलावर सगळ्यांसमोर चौकशी करण्यापेक्षा ते सर्वांना सोयीचं.

दुसरी गोष्ट, मटण हलाल असलं म्हणजे सगळं झालं असं नाही. चिनी आणि जपानी पदार्थांत तांदळाची दारू पडते, इटालियन सॉसमध्ये वाइन, काही केकमध्ये रम. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत आणि काही मिठायांत जिलेटिन असतं, ते बऱ्याचदा जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढतात. वांद्र्याकडे गोवन हॉटेलांत सोरपोतेल दिसलं तर ते डुकराचं असतं हे ठाऊक असावं. मुलांना परदेशी जेवण हवं असेल तर या चार गोष्टी त्यांनाच पाठ करायला लावाव्यात आणि त्यांनाच विचारू द्यावं. आमची बारा वर्षांची पुतणी आता आमच्यापेक्षा सफाईनं विचारते.

तिसरी गोष्ट मासळीची. मासळीला जबह लागत नाही, म्हणून मालवणी खानावळ ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. सुरमईची कापं, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. आम्हा कोकण्यांना तर ते घरच. मात्र तिथं आमच्या टेबलावरच दोन मसलक बसलेले असतात. शाफईंना समुद्रातलं जवळपास सगळं चालतं, हनफी खेकडा-शिंपल्या खात नाहीत आणि कोळंबीबद्दल त्यांच्या उलेमांत मतभेद आहेत. आमची सून तिसऱ्यांच्या वाटीला हात लावत नाही, आम्ही तिच्या ताटाकडे बोट दाखवत नाही. घरातल्या घरात जर दोन मतं एका दस्तरखानावर सुखानं बसू शकतात, तर शहराच्या टेबलावर दहा का बसू नयेत? तळणाचं तेल आणि तवा मटण-चिकनसाठी वेगळा आहे का, एवढं विचारून घ्यावं.

चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. "नाही" हे उत्तर आलं तर तोंड वाकडं करू नये. हुजूर (स.) यांनी कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत, आवडलं तर घेतलं, नाही तर बाजूला ठेवलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. समोरच्यानं खरं सांगितलं, हा त्याचा उपकारच. "शुक्रिया" म्हणावं, जे चालतं ते मागवावं. दुसऱ्याच्या ताटात काय आहे यावर प्रवचन देऊ नये. आपला प्रश्न आपल्या ताटापुरता.

कुरआननं हलाल या शब्दाच्या जोडीला तय्यब हा शब्दही ठेवला आहे. तय्यब म्हणजे स्वच्छ, चांगलं, अंगाला लागणारं. आपण पहिल्या शब्दाची चौकशी करतो आणि दुसऱ्याची विसरतो. हलाल पाटी असलेल्या हॉटेलातलं दहादा उकळलेलं तेल, मोरीजवळ ठेवलेली भांडी, बारा तास राबणारा बारका पोरगा हेही पाहायला हवं. आणि इसराफ, म्हणजे उधळेपणा, तर साफ मना आहे. रमजानमध्ये आपल्याच गल्ल्यांत अर्धवट टाकलेल्या प्लेटा पाहिल्या की मान खाली जाते. माटुंग्याच्या पंगतीत पान चाटूनपुसून उठणारी माणसं पाहिली की वाटतं, हे आपल्याकडूनच त्यांनी शिकलं की काय!

एक हळहळ मात्र राहतेच. या शहरात पंजाबचं मिळतं, मंगळूरचं, लखनौचं, केरळचं मिळतं. पण मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचं जेवण पाटीवर सहसा दिसत नाही. आमचं सांदण, नारळाच्या रसातलं मटण, सुनेच्या माहेरचं नान-खलिया. लोकांना मुसलमानाचं जेवण म्हणजे बिर्याणी आणि कबाब एवढंच ठाऊक. जैनांनी विचारलं म्हणून पावभाजी बदलली; आपण कधी कुठल्या हॉटेलवाल्याला विचारलं, "सांदण ठेवता का?" आता आम्ही विचारू लागलो आहोत. आजवर एकानंही "हो" म्हटलेलं नाही, पण दोघांनी "ते कसं करतात?" असं उलट विचारलं आणि दादीनं तिथंच उभं राहून कृती सांगितली.

तोवर ही चव घरच्या दस्तरखानावरच मिळेल. म्हणून आमच्याकडे ऑफिसातली, शाळेतली, शेजारची माणसं जेवायला बोलावताना आम्ही आधी फोन करतो आणि विचारतो, "तुम्ही काय खाता? काय चालत नाही?" जैन मैत्रिणीसाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी, नवी कढई. त्या प्रश्नानं कुणी दुखावल्याचं आम्हाला आठवत नाही. उलट पलीकडचा आवाज जरा हलका होतो आणि म्हणतो, "बरं झालं विचारलंत."