टिकीच्या दारात आई

परवा शनिवारी आईला घेऊन सॉगसच्या काउलूनला गेले. रूट १ वरून जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेलं आहे. उतरतं छप्पर, दर्शनी भागावर तो भलाथोरला लाकडी टिकी आणि पुढे मैदानाएवढं पार्किंग. पाहतात सगळे, आत गेलेले मात्र आपल्यात कमीच असतील. मीसुद्धा सतरा वर्षांत चौथ्यांदा गेले.

गाडीतून उतरल्यावर आई थबकली. वर बघून म्हणाली, "हा कुठला देव गं?"

लेक म्हणाली, "आजी, तो देव नाही, डेकोरेशन आहे."

"कुणाचा तरी असेलच की," आई म्हणाली आणि आत गेली.

आत अंधार. बांबू, लाल दिवे, गालिच्याला जुन्या हॉटेलचा तो ओलसर तळणीचा वास. बाराशे माणसं बसतील एवढी जागा आणि दुपारी तीन वाजता पंधरा-वीस टेबलं भरलेली. आम्ही आईसाठी भाज्यांच्या नूडल्स आणि लेकीसाठी पूपू प्लॅटर मागवला. त्या नावावर ती पाच मिनिटं हसत होती. हवाईयन भाषेत पूपू म्हणजे तोंडात टाकायचं काहीबाही, हे सांगूनही उपयोग झाला नाही.

नूडल्स येईपर्यंत आईच्या प्रश्नाचं उत्तर देत बसले. टिकी म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या लोकांच्या पूर्वजांच्या, देवांच्या मूर्ती. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात एक-दोन हुशार बारमालकांनी त्या उचलल्या, रमच्या पेल्यात छत्र्या खोचल्या. मग महायुद्ध झालं, पॅसिफिकमधून लाखो सैनिक परतले, १९५९ मध्ये हवाई राज्य झालं आणि अमेरिकेला बेटांचं वेडच लागलं. ज्यांचे ते देव, त्यांना कुणी विचारलं नाही. चपलांवर गणपती छापला की आपण लगेच सह्या गोळा करतो, म्हणून हे सांगतेय.

"पण हे हॉटेल तर चिनी लोकांचं ना?" आईचा पुढचा प्रश्न.

हो. १९५० मध्ये एका चिनी कुटुंबाने इथे मँडरिन हाउस नावाचं छोटं हॉटेल काढलं. १९५८ मध्ये लेक-जावयाने, म्हणजे वाँग कुटुंबाने, ते हाती घेतलं, नाव काउलून ठेवलं आणि वाढवत वाढवत बाराशे खुर्च्यांवर नेलं. १८८२ पासून १९४३ पर्यंत चिनी मजुरांना या देशात कायद्यानेच बंदी होती, आणि ती उठल्यावर वर्षाला १०५ जणांना परवानगी! त्या काळात गिऱ्हाइकाला चीन नको होता, सुट्टी हवी होती. म्हणून त्यांनी सुट्टी विकली. आपल्या इथली 'इंडियन' हॉटेलं बघा: नाव मुघल, मेनू पंजाबी, मालक भलतीकडचाच. थालीपीठ कुणी ठेवतं का? गिऱ्हाइकाच्या डोक्यातला भारत विकावा लागतो. ज्या १९६५च्या कायद्याने आपल्याला दार उघडलं, त्यानेच त्यांच्यासाठीही ते नीट उघडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२१ मध्ये वाँग कुटुंबाने जाहीर केलं की या जागेवर अपार्टमेंट्स बांधायची आणि हॉटेल छोट्या रूपात ठेवायचं. तेव्हापासून 'आता बंद होणार' म्हणून लोक हळहळतात, फोटो काढून जातात. मीही त्यातलीच. टेबलावर बसून आईला म्हटलं, "बघ ना, हेही पाडणार. कसं वाटतं ना?"

आई नूडल्स संपवत म्हणाली, "वाडा पाडायच्या कागदावर पहिली सही माझी होती."

मी गप्प.

कसब्यातल्या आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि दोन संडास. पावसाळ्यात माळवद गळायचं, आई रात्री पातेली मांडायची. २००९ मध्ये बिल्डर आला तेव्हा मी इथे होते. फोनवर रडले होते मी, 'आपला वाडा' म्हणून. पातेली मांडणारी बाई मात्र सुटली होती. जे सोडून गेले त्यांनाच वाड्याचं जास्त प्रेम, हे आईने तेव्हा बोलून दाखवलं नाही. परवा त्या एका वाक्यात सगळं आलं.

तेव्हा 'वाँग कुटुंबाने जागा विकू नये, बांधू नये' असं म्हणायचा मला अधिकार नाही. बाराशे खुर्च्या रोज पुसायच्या, स्वयंपाकघर चालवायचं, ते त्यांनी. आपण चार-पाच वर्षांतून एकदा जाणार. शिवाय घरं नकोत असं कुठल्या तोंडाने म्हणू? बॉस्टनच्या आसपास भाडं भरताना आपल्या सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो.

पण एक गोष्ट खटकते. याच गावात सॉगस आयर्न वर्क्स आहे, १६४६च्या सुमाराचा लोखंडाचा कारखाना. शाळेच्या सहली जातात, राष्ट्रीय स्थळ आहे, ते असायलाच हवं. मात्र तिथली भट्टी आणि पाणचक्क्या उत्खननानंतर नव्याने बांधून १९५४ मध्ये खुल्या केलेल्या आहेत. म्हणजे ती उभारणी काउलूनपेक्षा चार वर्षांनी लहान! ती इतिहास, आणि हे पाडकामाच्या यादीतलं जुनं हॉटेल. इंग्रजांनी इथे येऊन काय केलं ते आपण दगड-दगड जोडून उभं करतो. चिनी कुटुंबाने काय केलं त्याची नोंद कोण ठेवणार? आणि उद्या आपण काय केलं त्याची?

रूट १ ला पाट्या वाचवायची हौस आहे. हिलटॉप स्टेकहाउस २०१३ मध्ये बंद झालं, त्याचा निवडुंग उभा आहे. मिनी गोल्फ गेलं, नारिंगी डायनासोर राहिला. टिकीही बहुधा राहील, नव्या इमारतीच्या दारात, सेल्फीपुरता. पण पाटी म्हणजे जागा नव्हे. तिथे कोण राबलं, कुणाची लग्नं ठरली, कुणाला पहिली नोकरी मिळाली, हे पाटी सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सॉगसमध्ये राहणाऱ्यांनो, टाऊन मीटिंगमध्ये तुमच्या भागाचे सदस्य आहेत, त्यांना गाठा. बांधकाम अडवा म्हणू नका. पाडण्याआधी आतल्या खोल्यांचे नीट फोटो, जुने मेनू, कामगारांच्या आणि कुटुंबाच्या आठवणी यांची नोंद गावाच्या लायब्ररीत राहू दे, एवढं सांगा. याला फार पैसे लागत नाहीत. आणि तुमच्याकडे जुने फोटो असतील तर खाली टाका.

निघताना आईने घरी न्यायचा कागदी मेनू मागून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, कशाला गं?

म्हणाली, "वाड्याचा एकही फोटो नाही आपल्याकडे, ज्यात मोरी दिसते."