पदकाच्या कडेवरचा शिपाई

“पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले.” सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातल्या कित्येक घरांत पहिल्या महायुद्धाची आठवण एवढ्या एकाच वाक्यात उरली आहे. कोणत्या साली, कोणत्या पलटणीतून, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. कुळाची माहिती काढण्यात मुरलेला माणूस मग प्रश्न थांबवतो आणि जुनी ट्रंक उघडायला लावतो.

ट्रंकेत नशिबाने एखादं चांदीचं पदक निघतं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. घरचे कौतुकाने तेच दाखवतात. शोधणारा मात्र पदक उभं धरून त्याची कड वाचतो. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दर दिवाळीला चिंच लावून घासलेल्या पदकावर ही अक्षरं झिजलेली असतात, म्हणून पदक घासू नका, हे त्याचं पहिलं सांगणं.

समजा, कडेवर ११७ मराठा पलटण निघाली. ती सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनची लढाई झाली, फौज मागे हटली आणि ७ डिसेंबरपासून तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारात वेढली गेली. रसद आटली तसे घोडे कापले गेले. ते मांस खायला बरेच हिंदी शिपाई कितीतरी दिवस तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड तुर्कांना शरण गेला. कैद झालेल्या अनेक हिंदी शिपायांना पुढे रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं.

इथे घाई नडते. पलटण कुतला होती म्हणजे पणजोबाही तिथेच होते, असं नाही. ते आजारी पडून आधीच परतले असतील, किंवा मागून आलेल्या कुमकेत असतील.

पलटणीच्या रोजनिशीत हे सापडेल, ही आशा सहसा फोल ठरते. तिथे गोऱ्या अंमलदारांची नावं असतात, शिपायांचे आकडे. बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती. हा भेदभाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केला. आयोगाच्या नोंदवहीत मात्र पुष्कळ नावांपुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा आहे. स्पेलिंग कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं, त्यामुळे आडनावापेक्षा गावावरून शोधलेलं बरं.

उरलेला माणूस गावच्या दप्तरात असतो. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, फेरफारात वारसनोंद. पणजोबा मयत, वारस दोन अज्ञान मुलगे, पालनकर्ती आई अमुक. वंशावळीत जिला कुणी जागा दिली नाही, त्या पणजीचं नाव अशा ओळीत हाती लागतं आणि तिने जमीन कुणाला खंडाने दिली, कधी गहाण टाकली, हे पुढच्या फेरफारांतून उलगडतं. युद्धाची झळ किती वर्षं पुरली, ते रोजनिशीपेक्षा या नोंदी नेमकं सांगतात.

जुन्या फेरफाराची नक्कल तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज केल्यावर मिळते. काही जिल्ह्यांची कागदपत्रं सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही आहेत. अर्जात फक्त मृत्यूचं साल घालू नका. पुढच्या दहा वर्षांचे फेरफार मागा, कारण वारसनोंद पुष्कळदा उशिरा झालेली असते.